आधी रेष पाहा, मग आकडा: पृष्ठतरंगांनी त्वचेचा ताठरपणा मोजताना

स्क्लेरोडर्मात, म्हणजे कातडी घट्ट आणि कडक होत जाणाऱ्या आजारात, ती किती आवळली आहे हे अनुभवी डॉक्टर चिमटीत धरून सांगतात. त्यासाठी सुधारित रॉडनन गुणांकन वापरतात. शरीरावरच्या 17 जागा तपासायच्या, प्रत्येक जागेला 0 ते 3 गुण द्यायचे, म्हणजे बेरीज जास्तीत जास्त 51. मला या पद्धतीबद्दल आदर आहे. तिला यंत्र लागत नाही आणि ती कुठेही करता येते. पण 1 आणि 2 यांच्या मधे कातडीत जे काही बदलतं ते या मोजपट्टीवर दिसत नाही, आणि दोन तपासणाऱ्यांची बोटं सारखी नसतात. औषध सुरू करून काही महिने झालेला रुग्ण विचारतो, ‘फरक पडतोय का?’ त्याला नेमकं उत्तर मिळायला हवं, म्हणून मी पृष्ठतरंगांचं मापन करते. ते कसं करायचं, आणि कुठे फसायला होतं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

कल्पना साधी आहे. त्वचेवर एका बिंदूपाशी बारीक कंपन द्यायचं. त्यातून निघालेली लाट त्वचेच्या पृष्ठभागावरून पसरते. ऊती जितकी ताठर, तितकी लाट वेगाने जाते. तो वेग अल्ट्रासाउंडने मोजायचा. अशा लाटेचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्ये मांडलं होतं. त्वचेसाठी आणि फुप्फुसाच्या पृष्ठभागासाठी अल्ट्रासाउंड जोडून ही पद्धत मेयो क्लिनिकमध्ये शाओमिंग झांग यांच्या गटाने पुढे नेली. कंपन पृष्ठभागावर चिकटवलेल्या संवेदकानेही मोजता येतं, पण त्या संवेदकाचं वजन मऊ कातडीची हालचालच बदलतं. अल्ट्रासाउंडचा प्रोब (ध्वनी सोडणारा आणि परत टिपणारा भाग) जेलच्या थरावर थांबतो, कातडीला टेकत नाही, शिवाय त्याच चित्रात त्वचेची जाडी आणि खालची चरबीही दिसते. माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद या दुसऱ्या गोष्टीत आहे.

सामान फार नाही. कंपन देणारा, हातात धरता येईल असा छोटा शेकर, त्याच्या टोकाला काही मिलिमीटर व्यासाचा गोल मणी, संकेत देणारा जनरेटर आणि अँप्लिफायर, आणि उथळ भाग स्वच्छ दाखवणारा लिनिअर प्रोब. 10 मेगाहर्ट्झच्या आसपासचा चालतो. मशीन मात्र पारखून घ्या. नेहमीचं मशीन चित्र एकेक रेषा करून काढतं. 3 सेंटिमीटर खोलीपर्यंत जाऊन परत यायला ध्वनीला साधारण 39 मायक्रोसेकंद लागतात. 128 रेषांचे झाले 5 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम 200 फ्रेम. 100 हर्ट्झचं कंपन पकडायला ही अगदी काठावरची मर्यादा आहे, 200 हर्ट्झ तर सुटूनच जातं. शिवाय चित्राचं डावं टोक आणि उजवं टोक वेगवेगळ्या क्षणी टिपलेलं असतं, त्यामुळे लाटेच्या फेजमध्ये, म्हणजे लाट आपल्या आवर्तनात कुठवर आली आहे त्यात, नसलेला फरक घुसतो. म्हणून एका दमात पूर्ण रुंदी टिपणारी प्लेन वेव्ह पद्धत असलेलं आणि कच्चा डेटा बाहेर देणारं मशीन हवं. सेकंदाला 2000 फ्रेम मिळाल्या की काम निर्धास्त होतं. 100 हर्ट्झच्या एका आवर्तनात 20 फ्रेम, 200 ला 10, 400 ला 5.

आता रुग्ण. इथे घाई करू नका, कारण निम्मं मापन याच टप्प्यावर ठरतं.

खोली उबदार असू द्या आणि माणसाला थोडा वेळ शांत बसू द्या. स्क्लेरोडर्माच्या बहुतेक रुग्णांना रेनॉचा त्रास असतो. थंडीने बोटं पांढरी-निळी पडतात, दुखतात. त्यांच्या हातावर गार जेल ओतणं हा निष्काळजीपणा आहे, म्हणून जेलची बाटली आधीच कोमट करून ठेवते. हात टेबलावर पूर्ण टेकलेला, कोपर किंचित वाकलेलं, मनगटाखाली मऊ आधार. मग सांगते, ‘हात अगदी सैल सोडा, तुम्हाला काही धरून ठेवायचं नाही.’ स्नायू आवळलेला असेल तर लाट झटकन वेग घेते आणि आपण तो ताठरपणा कातडीच्या नावावर टाकतो. प्रोबच्या चित्रात स्नायूचा थर दिसत असतो. तो थरथरताना दिसला तर थांबा, दोन शब्द बोला, परत सुरू करा. बोटं पूर्ण उघडत नसतील तर ती ओढून सरळ करू नका. ज्या स्थितीत हात आरामात राहतो ती स्थिती लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तशीच घ्या.

जागा निवडताना कुठल्या तरी हाडाच्या खुणेपासून अंतर मोजा आणि त्वचेवर पेनाने छोटी रेघ मारा. जखम, बोटावरचा व्रण, ताजा ओरखडा यांवर शेकर टेकवायचा नाही. काही रुग्णांच्या त्वचेखाली कॅल्शियमचे खडे साठतात. चित्रात ते चमकदार दिसतात आणि त्यांच्यामागे काळी सावली पडते. तिथून लाट विखुरते, ती जागा सोडून द्या. दाट केस असतील तर त्यांत हवेचे बुडबुडे अडकतात. ओल्या बोटाने जेल केसांच्या मुळापर्यंत हलकेच चोळलं की बहुतेक बुडबुडे निघतात.

रेघ कोणत्या दिशेने मारली हेही महत्त्वाचं. त्वचेतले कोलॅजनचे धागे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. कार्ल लँगर यांनी 1861 मध्ये त्वचेवरच्या ताणाच्या रेषांचा नकाशा दिला. त्या रेषांच्या बाजूने जाणारी लाट आणि त्यांना आडवी जाणारी लाट यांचे वेग वेगळे येतात. त्यामुळे आज हाताच्या लांबीच्या दिशेने आणि पुढच्या खेपेला आडवं मोजलं तर आलेला फरक रोगाचा की दिशेचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी अग्रबाहूवर नेहमी लांबीच्या दिशेने मोजते आणि तसं नोंदवते.

जेलचा थर किमान 5 मिलिमीटर जाड ठेवा आणि प्रोब स्टँडला अडकवा. हाताने धरून ठेवलेला प्रोब श्वासागणिक खाली येतो. त्वचा दाबली गेली की ती ताठर होते, लाटेचा वेग वाढतो. दाब नाही याची खूण चित्रातच असते: त्वचेची वरची चमकदार रेषा नैसर्गिक वळणात असावी, प्रोबखाली सपाट झालेली नसावी, आणि तिच्यावर जेलची काळी पट्टी दोन्ही टोकांना सलग दिसावी. पट्टी कुठेही तुटली असेल तर प्रोब वर घ्या.

शेकरचं टोक प्रोबच्या लांब बाजूच्या सरळ रेषेत, चित्राच्या टोकापासून साधारण 1 सेंटिमीटर अंतरावर टेकवा. फक्त स्पर्श राहील इतकाच भार द्या. सरळ रेषेचा आग्रह एवढ्यासाठी, की लाट तिरकी आली तर प्रोबला ती खरी आहे त्याहून वेगवान भासते. 10 अंशांची तिरकस चूक वेगात दीड टक्काच वाढवते, चालून जाते. 20 अंश झाले की वेग 6 टक्क्यांनी फुगतो आणि ताठरपणा वेगाच्या वर्गात वाढत असल्याने तो 13 टक्क्यांनी फुगतो. एवढा फरक रुग्णाच्या सुधारणेएवढाही असू शकतो. म्हणून टेकवल्यावर वरून एकदा डोळा लावून पाहा.

कंपन 0.1 सेकंदाचं पुरतं. मी 100, 150, 200 हर्ट्झ घेते, आणि त्वचेवर लाट टिकत असेल तर 300 आणि 400 सुद्धा. आधी सांगते, ‘थोडं गुणगुणल्यासारखं जाणवेल, दुखणार नाही.’ न सांगता सुरू केलं तर माणूस दचकतो आणि ते रेकॉर्डिंग वाया जातं. वारंवारता जास्त झाली की लाट लवकर विरते, त्यामुळे 400 ला पलीकडच्या टोकाला संकेत कमजोर होणं स्वाभाविक आहे. कंपनाचा जोर वाढवून ते भरून काढायला जाऊ नका. टोक त्वचेवर उड्या मारू लागलं की लाटेचा आकार बिघडतो.

इथून पुढे काम संगणकावर. त्वचेच्या वरच्या चमकदार रेषेवर एकेक मिलिमीटर अंतराने आठ बिंदू निवडा. प्रत्येक बिंदूपाशी एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत ऊती किती हलली ते काढायचं. रक्तप्रवाहाच्या रंगीत डॉप्लरसाठी कासाई आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये दिलेली ऑटोकोरिलेशनची (लागोपाठच्या संकेतांची तुलना करून फेजमधला फरक काढण्याची) रीत इथेही उत्तम चालते. हालचाल किती बारीक असते बघा: 10 मेगाहर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी ऊतीत 0.15 मिलिमीटर. ऊती 1 मायक्रोमीटर हलली तर परतलेल्या संकेताचा फेज 5 अंशांपेक्षाही थोडा कमी सरकतो. एवढं सरकणं चांगल्या डेटात स्वच्छ कळतं. बुडबुडे असलेल्या जेलमध्ये कळत नाही.

प्रत्येक बिंदूची हालचाल काळानुसार काढल्यावर एक साइन लहर दिसायला हवी. तिच्यातून आपण दिलेल्या वारंवारतेचा भाग वेगळा करा आणि त्याचा फेज घ्या. पहिल्या बिंदूपासून आठव्या बिंदूपर्यंत फेज मागे-मागे पडत जाईल. आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर फेज मांडा. जी रेष येईल तिचा चढ म्हणजे आपलं मापन.

समजा 150 हर्ट्झला 7 मिलिमीटरमध्ये फेज 151 अंशांनी मागे पडला. म्हणजे मिलिमीटरला 21.6 अंश. 360 अंशांची पूर्ण लाट 16.7 मिलिमीटरची झाली. तिला 150 ने गुणलं की वेग सेकंदाला 2.5 मीटर. गणित एवढंच आहे.

पण हा आकडा वहीत उतरवण्याआधी रेषेकडे नीट पाहा. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की वेग दाखवणारी खिडकी झाका आणि आधी आठ बिंदू बघा. सॉफ्टवेअर कुठल्याही आठ बिंदूंमधून रेष काढून देतं आणि तिच्यातून वेगही देतं, तो बरोबर आहे की नाही याची त्याला पर्वा नसते. बिंदू रेषेवर घट्ट बसले असतील तर मापन घ्या. सगळे बिंदू नागमोडी वर-खाली होत असतील तर लाट कुठून तरी परतून येते आहे. बहुधा जवळचं हाड, नाहीतर मनगटाचा सांधा. शेकर दुसऱ्या बाजूला नेऊन बघा. पहिले दोन बिंदूच रेषेबाहेर असतील तर ते कंपनाच्या टोकाला फार जवळ आहेत, तिथे लाट अजून नीट घडलेली नसते. ते वगळा किंवा शेकर थोडा लांब न्या. शेवटचे बिंदू विखुरलेले असतील तर तिथे संकेत संपला आहे. आणि मधेच एका बिंदूवर फेजने एकदम 360 अंशांची उडी मारली असेल तर ती गणनेतली गुंडाळी आहे, लाटेत काही बिघाड नाही. ती उलगडून घ्या. चारही गोष्टी तपासून रेष सुधरत नसेल तर त्या जागेचं मापन ‘मिळालं नाही’ असं लिहा. तो प्रामाणिक निष्कर्ष आहे आणि तुमच्या अहवालाची किंमत त्याने वाढते.

प्रत्येक वारंवारतेला तीन मापनं घ्या आणि दरवेळी प्रोब व शेकर उचलून पुन्हा ठेवा. न उचलता सलग तीन वेळा बटण दाबलं तर यंत्र स्थिर आहे एवढंच सिद्ध होतं. तुमची मांडणी पुन्हा तशीच जमते का, हे उचलून ठेवल्याशिवाय कळत नाही.

आता वेगावरून ताठरपणा. इथे मी बरीच सावध असते, आणि तुम्हीही असावं अशी माझी कळकळ आहे. मऊ, न दबणाऱ्या आणि मोकळ्या पृष्ठभागाच्या माध्यमात रॅले लाटेचा, म्हणजे आपल्या पृष्ठलाटेचा, वेग शिअर लाटेच्या (ऊतीच्या आतून, तिला आडवं हलवत जाणाऱ्या लाटेच्या) वेगाच्या 0.955 पट असतो. शिअर वेगाच्या वर्गाला घनतेने गुणलं की शिअर गुणांक (आडवं सरकण्याला होणारा विरोध), त्याच्या तिप्पट यंगचा गुणांक (ताणलं जाण्याला होणारा विरोध). आपल्या उदाहरणात घनता 1000 किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली तर 2.5 वरून शिअर वेग 2.62, शिअर गुणांक 6.85 किलोपास्कल आणि यंगचा गुणांक 20.6 किलोपास्कल येतो.

पण आपण त्वचेवर जेल ओतलेलं आहे. पृष्ठभागावर द्रव असला की लाट शोल्टे प्रकारची होते आणि तिचा वेग शिअर वेगाच्या सुमारे 0.84 पट राहतो. तोच 2.5 चा वेग या पटीने उलटवला तर शिअर वेग 2.98 आणि यंगचा गुणांक 26.6 किलोपास्कल. मोजलेली लाट तीच, रुग्ण तोच, आणि उत्तरात 29 टक्क्यांचा फरक! शिवाय 5 मिलिमीटरचा जेलचा थर 16 मिलिमीटरच्या तरंगलांबीपुढे पातळच, त्यामुळे खरी स्थिती या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते. म्हणून मी अहवालात वेग आधी लिहिते, कारण तो मोजलेला आहे. किलोपास्कल लिहायचेच असतील तर कुठली पट वापरली ते त्याच ओळीत लिहिते. आणि एका रुग्णाच्या सगळ्या भेटींत पट, जेल, थराची जाडी यांपैकी काहीही बदलत नाही.

दुसरी सावधगिरी खोलीची. पृष्ठलाट साधारण एका तरंगलांबीइतक्या खोलीपर्यंत ऊती हलवते. वेग 3 मीटर प्रति सेकंद असेल तर 100 हर्ट्झला तरंगलांबी 30 मिलिमीटर, 400 ला साडेसात. अग्रबाहूवर त्वचा 1 ते 2 मिलिमीटर जाड. म्हणजे 100 हर्ट्झचा आकडा त्वचा, चरबी आणि स्नायू या तिघांचा मिळून असतो. वारंवारता वाढवत गेलो की त्वचेचा वाटा वाढतो, पण 400 लाही तो पूर्ण तिचा होत नाही. यावर माझा उपाय असा: कमी वारंवारतांचा वेग आणि जास्त वारंवारतांचा वेग वेगवेगळे मांडते, सोबत चित्रावरून त्वचेची आणि चरबीची जाडी मोजून लिहिते. दोन भेटींत फक्त वरच्या वारंवारतांचा वेग खाली आला असेल तर बदल उथळ थरात आहे असं म्हणायला जागा मिळते. सगळेच वेग सारखे खाली आले असतील तर आधी स्नायू सैल होता का, हात तसाच ठेवला होता का, ते तपासते.

वारंवारतेनुसार वेग कसा वाढतो त्यावरून ऊतीची विष्यंदिता, म्हणजे मधासारखा दाट-चिकटपणा, हीही काढतात, बहुधा फोग्टच्या प्रतिमानाने. त्यात एक स्प्रिंग आणि एक डॅम्पर (हालचाल मंद करणारा भाग) शेजारी-शेजारी धरलेले असतात. काढायला हरकत नाही, पण थरांमुळेही वेग वारंवारतेनुसार बदलतो आणि प्रतिमान तो सगळा बदल विष्यंदितेच्या खात्यावर टाकतं. त्वचेसारख्या पातळ थरावर आलेला हा दुसरा आकडा मी तुलनेपुरता ठेवते, निदानाला वापरत नाही.

आपलं यंत्र आणि आपले हात ठीक आहेत का, हे पाहायला जिलेटिनचा ठोकळा ठेवा. तो खोल आणि रुंद असावा. पातळ असेल तर लाट तळाला लागून परत येते. जिलेटिनमध्ये विष्यंदिता कमी, थर एकच, म्हणून 100 ते 400 हर्ट्झ वेग जवळजवळ सारखा यायला हवा. तिथेच चढउतार दिसले तर दोष मांडणीत आहे, रुग्णाला बोलावण्याआधी तो शोधा. जिलेटिन दिवसागणिक घट्ट होत जातं आणि तापमानाने मऊ पडतं, त्यामुळे ते दर वेळी त्याच तापमानाला आणून मोजा आणि ताजं कधी केलं ते डब्यावर लिहा.

आकडे वाचतानाही रोगाचा टप्पा लक्षात ठेवायला हवा. सुरुवातीला त्वचा सुजते, पाण्याने जाड होते. नंतर घट्ट होते. फार पुढे ती पातळ होऊनही खालच्या थराला चिकटलेली राहते. म्हणजे जाडी कमी झाली आणि वेग चढाच राहिला, असं खरोखर होऊ शकतं. चिमटीला ही गोष्ट वेगळी करणं कठीण जातं, आपल्या मापनाला ती दोन स्वतंत्र रकान्यांत दिसते. त्वचेचा एखादाच चट्टा कडक झालेला असेल, मॉर्फियात होतो तसा, तर शरीराच्या दुसऱ्या बाजूची त्याच ठिकाणची निरोगी त्वचा मोजा. त्या माणसासाठी तीच सर्वात चांगली तुलना आहे.

नोंदीत जागा आणि हाडाच्या खुणेपासूनचं अंतर, दिशा, हाताची स्थिती, खोलीचं तापमान, जेलचा प्रकार आणि थराची जाडी, प्रत्येक वारंवारतेचा वेग तिन्ही मापनांसकट, त्वचेची आणि चरबीची जाडी, आणि वगळलेल्या बिंदूंची कारणं हवीत. फेज आणि अंतराचा आलेखही छापून जोडा. सहा महिन्यांनी दुसरं कुणी त्याच रुग्णाला मोजेल, तेव्हा तुमची रेष किती सरळ होती हे त्यांना तुम्हाला न विचारता दिसलं पाहिजे.